गाठ तोकुजीशी आहे

तोकुजीने डूख धरला होता आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती. चाळीस वर्षं ज्या नदीकाठच्या बागेत त्याने झाडं राखली, तिथे आता तो चार लोकांसारखा फिरायला यायचा. बाकावर बसायचा आणि नजर एकाच माणसावर ठेवायचा. इवाओवर.

बर्फाच्या ओझ्याने पाइनच्या फांद्या मोडू नयेत म्हणून बुंध्याशी उंच खांब उभा करून त्याच्या टोकापासून फांदीफांदीला दोर बांधतात. जानेवारीत वळणावरच्या थोरल्या पाइनची एक गाठ सरकली आणि सगळ्यात जुनी फांदी कडाडून नदीत गेली.

"ती गाठ तोकुजीदादांची," इवाओ म्हणाला. शहाजोगपणे, मान खाली घालून. ह्याला दोर धरायला तोकुजीनेच शिकवलं होतं! मुकादम ओनुकींनी दोर हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही. तोकुजीला घरी बसवलं.

तोकुजीने कचऱ्यातून तो दोर शोधून काढला. गाठीचा पीळ उलटा होता, आणि साऱ्या बागेत डावखुरा एकटा इवाओ.

"मग दाखवा ना मुकादमांना!" बायको म्हणाली.

"म्हणेल, म्हाताऱ्याने घरी बांधून आणला. त्याच्याच हातून वदवतो. नाही वदवलं तर नावाचा तोकुजी नाही."

चेरी फुलली. लोक ताडपत्र्या अंथरून, डबे उघडून, माना वर करून बसले. तोकुजी फुलांकडे पाठ करून बसला. समोर इवाओ बांबूचं कुंपण बांधत होता, तेही उजव्या हाताने! दर तिसरी गाठ फसत होती. तोकुजी इतका खूश झाला की त्याने शेजारच्या अनोळखी मंडळींकडून साकेचा पेला मागून घेतला. जूनच्या पावसात तो छत्री घेऊन हजर. मेपल लाल झाले, तरी हजर. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला निसर्गाचं काय वेड!

नोव्हेंबरात दोर बांधायचा दिवस आला. बघ्यांची गर्दी झाली. इवाओ शिडीवर, दोर उजव्या हातात. गाठी सैल बसताहेत हे तोकुजीला खालूनच दिसलं. पडू दे बर्फ, मोडू दे आणखी एक फांदी, मग कळेल सगळ्यांना! क्षणभर त्याला फार बरं वाटलं. मग नजर तुटक्या फांदीच्या खुंटाकडे गेली आणि त्याचा संताप संताप झाला.

"इवाओ! असल्या गाठी शिकवल्या मी तुला?"

"दादा, कामात आहे मी."

"मग काम कर की! डाव्या हाताने बांध. वर्षभर कोणापासून लपवतोयस तो?"

गर्दी हसली. मुकादम हसले नाहीत. "इवाओ, बांध डाव्या हाताने."

इवाओने दोर डाव्या हातात घेतला. एका हिसक्यात गाठ घट्ट बसली, पीळ उलटा. तोकुजीने खिशातला जुना दोर मुकादमांच्या हातावर ठेवला. त्यांनी दोन्ही गाठी पाहिल्या, टोपी काढली आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकले.

"चुकलं आमचं. उद्यापासून या, तोकुजी."

ह्याच शब्दांसाठी दहा महिने काढले होते. दोरासाठी तळहात शिवशिवत होते. त्याने वर पाहिलं.

"नाही. ह्यालाच बांधू दे. सगळ्या फांद्या, डाव्या हाताने. मी खाली उभा राहून बघणार. आज, उद्या, आणि जिवंत असेन तोवर दर वर्षी."

इवाओला रडू फुटलं. "दादा, त्यापेक्षा मला काढून टाकायला सांगा हो!"

"बांध," तोकुजी म्हणाला, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिला.