खालच्या पाड्याची वीज

सुरगाण्याकडच्या डोंगरात आमच्या संस्थेने तीन पाड्यांवर सौरवीज बसवली आणि तिन्ही पाडे एका तारेने जोडले. एकाकडे वीज उरली की दुसऱ्याला द्यायची, एवढी साधी गोष्ट. ती जुळवून आणायचं काम नाशिकच्या ऑफिसात बसून माझ्याकडे. नियमही माझाच, मोठ्या हौसेने केलेला: ज्या पाड्याची वीज, त्याच्याच माणसाने हाताने खटका टाकायचा. खटक्याच्या पेटीला कुलूप, किल्ली त्या माणसाकडे.

द्राक्षांच्या हंगामात माणसं बागांत मजुरीला गेली आणि खालचा पाडा जवळजवळ रिकामा झाला. दिवे लावायलाच माणसं नाहीत, त्यामुळे बॅटरी काठोकाठ. त्यात तीन दिवस ढग. मधल्या पाड्याची बॅटरी तळाला गेली. तिथल्या एका बाईने अंडी उबवायच्या यंत्रात साठ अंडी ठेवलेली. सकाळी तिचा फोन आला, "ताई, यंत्र गार पडलंय. दोन दिवसांत पिल्लं निघायची होती. काय तरी करा."

मी खालच्या पाड्याच्या किल्लीवाल्याला फोन लावला. तो निफाडला, द्राक्षबागेत. "किल्ली खिशातच हाय ताई. हरवायला नको म्हणून संगं आणली."

मी कपाळावर हात मारला. निघून ये म्हटलं, तर मुकादम सोडत नाय म्हणाला. मग खालच्या पाड्याच्या वीज समितीच्या अध्यक्षांना म्हटलं, कुलूप तोडा. त्याच्या माघारी नाय तोडणार, म्हणाले. वरच्या पाड्याचं स्वतःचंच भागत नव्हतं. आमच्या साहेबांनी तर मला ईमेल करायला सांगितलं, आणि ते शेजारच्याच खोलीत बसलेले! स्क्रीनवर खालच्या बॅटरीचा हिरवा पट्टा गच्च भरलेला. हा असला नियम मला कुठल्या मुहूर्तावर सुचला, म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

दुपार झाली. अंडी गेलीच असणार, निदान बाईची माफी तरी मागावी, म्हणून तिला फोन लावला.

"आम्ही खाली आलोय ना ताई," ती म्हणाली. "अंडी गोधडीत गुंडाळली, यंत्र नवऱ्यानं डोक्यावर घेतलं. नणंदेच्या घरी लावलंय. हितं लाइट हाय की. आता चांगलं गरम झालंय."

"कधी आलात?"

"सकाळीच. तुमच्याशी बोलून झालं न् निघालो."

मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. "अहो, मग मला कळवायचं नाही का? सकाळपासून पंधरा फोन केलेत मी या अंड्यांसाठी."

"मला एक पण नाय केला," ती म्हणाली.