काकूचा गोषा

आमची थोरली काकू हसली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची. बाईमाणसानं असं खदाखदा हसू नये, हे सासूनं तिला हजारदा बजावलं. काकू तेवढ्यापुरता तोंडाला पदर लावायची आणि पदराआडून आणखी मोठ्यानं हसायची. अख्ख्या ढोकीत तिला आवरणारं कुणी नव्हतं.

मग वारस नसलेल्या चुलतभावाची पाटीलकी काकांकडं आली आणि काकूच्या नशिबी गोषा आला. पाटलाची बायको परक्याच्या नजरेला पडता कामा नये! काल ज्वारी काढणारी बाई आज माजघरात कोंडली. पाणी गडी भरायचे, बाजार गडी आणायचे, आणि काकूनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की काका खाकरायचे. त्या खाकरण्याची मला आजही किळस येते. शेजारणी वर म्हणायच्या, "पाटलिणीची मजा हाय बाई, पाणी बी घरपोच!" काकू म्हणायची, "व्हय गं, दावणीच्या बैलाला बी वैरण घरपोचच असती."

हा रोग एकट्या आमच्या घरचा नव्हता. नवरा गाडी हाकत होता तोवर हमीदाभाभी आमच्याबरोबर कापूस वेचायची. तो कचेरीत जमादार झाला आणि भाभी बुरख्यात गेली. पेठेतली कानडी सावकारीण आधी दुकानावर बसून मापं घालायची. घरावर माडी चढली तशी तीही आत गेली. देव वेगळे, बोली वेगळी. पण पुरुषाची पत वाढली की बाईला कडी, एवढं मात्र सगळ्यांचं एकमत. मेली ती पत!

एकदा तेरहून सांगावा आला. काकूची आई शेवटच्या घटका मोजत होती, लेकीचं नाव घेत होती. तेर काही लांब नाही. पूर्वी काकू सकाळी चालत जाऊन दिवेलागणीला परत यायची. पण आता पडद्याच्या गाडीशिवाय जायचं नाही. आणि ती गाडी काकांनी दौऱ्यावर आलेल्या तहसीलदाराच्या बेगमसाहेबांना दर्ग्याला जायला दिलेली. दारात दुसरी गाडी होती, बैल होते. पण उघडी गाडी!

"अवं, म्या डोसक्यावरनं घोंगडं घेते. पाया पडते तुमच्या, जाऊ द्या," काकू रडत म्हणाली.

"पाटलाची अस्तुरी घोंगडं पांघरून? लोक तोंडात शेण घालतील," असं म्हणून काका पान लावायला बसले. काकू उठून दाराकडं निघाली, तेव्हा त्यांनी बाहेरून कडी घातली आणि पुन्हा पानाला चुना लावू लागले. शी! त्या बोटांची अजून शिसारी येते.

गाडी दुसऱ्या दिवशी परतली. हमीदाभाभीकडून बेगमसाहेबांना सगळं कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, "मेरेकू बोले होते तो मैं उतर जाती ना!" त्यांना तरी कोण विचारतो? काकू पडद्यात बसून तेरला पोचली तेव्हा आईची चिता विझली होती. त्यानंतर तिचं हसणं मी ऐकलं नाही.

पुढं निजामी गेली. काकांनी टोपी बदलली आणि ते पुढाऱ्यांत मिरवू लागले. पुढाऱ्यांच्या बायका सभेत उघड्या तोंडानं बसत. झालं, आता पत तिकडं गेली! गावात सभा होती त्या दिवशी काका लगबगीनं माजघरात आले.

"अगं ऊठ, चांगलं लुगडं नेस. पाहुण्या बाईंना हार तुझ्या हातानं घालायचाय. गोषा मोडला म्या!"

काकू निवडत असलेल्या तांदळातून हात काढीना. "आई मरताना मोडला असता, तर तिच्या तोंडात पाणी घातलं असतं. हारासाठी न्हाय येत म्या."

काकांनी आदळआपट केली आणि एकटेच सभेला गेले. व्यासपीठावर हात जोडून म्हणाले, "आमच्या मंडळींना लई समजावलं, पण अडाणी बाईमाणूस, गोषा सोडायलाच तयार न्हाईत." लोकांनी त्यांच्या सुधारकपणाला टाळ्या वाजवल्या. मी बायकांतून उठले, मांडवाबाहेर जाऊन थुंकले आणि घरी काकूजवळ तांदूळ निवडायला बसले.