नोराआज्जींनी परत पाठवलेल्या ब्लॅकबेरी

गेल्या रविवारी सकाळी शेजारच्या नोराआज्जींकडे वाडगाभर ब्लॅकबेरी घेऊन गेलो आणि तसाच परत आलो... वाडग्यासकट! या बाईंनी इतक्या वर्षांत माझ्या हातचं काही नाकारलं नव्हतं. माझे फसलेले अनारसेसुद्धा त्यांनी चहात बुडवून खाल्लेत.

आम्ही अमेरिकेत, हर्नडनला राहतो. नोराआज्जी सत्याऐंशी वर्षांच्या, मूळच्या आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या. आमची इरा लहान असताना तिला शाळेच्या बसवरून घरी आणायच्या, तेव्हापासून त्या आमच्या आज्जीच.

आमच्या कुंपणाला ब्लॅकबेरीचं झुडूप आहे. ही जात वर्षातून दोनदा फळते, त्यामुळे ऑक्टोबर लागला तरी झुडूप लगडलेलं. हात ओरबाडून घेत मी एवढी हौसेने फळं तोडली, तर आज्जींनी वाडग्यात डोकावून 'नको रे, आता नाही खात' म्हटलं आणि दार लावून घेतलं.

एवढंसं तोंड करून मी घरी आलो. घरात आधीच एक तोंड फुगलेलं होतं... इराचं.

आता हे जरा सविस्तर सांगायला हवं. इरा इतिहासात पीएचडी करतेय आणि तिचा विषय आहे जुन्या आयरिश वर्तमानपत्रांतल्या ब्लॅकबेरी. हो, बरोबर वाचलंत. जाहिराती, पाककृती, लोकांची पत्रं, शाळांच्या बातम्या, म्हणी... जिथे जिथे ब्लॅकबेरी येते ते सगळं ती गोळा करते.

दोन वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं की 'डेटामध्ये आहे ती' म्हणायचं. आमच्याकडे एवढं पुरतं, निम्मं गाव डेटातच आहे. शनिवारी दुपारी मित्राकडे, सुहासकडे जेवायला गेलो होतो, तिथेही मी तेच म्हणालो आणि नेमकं इराने ऐकलं.

परत येताना गाडीत तिने एकच विचारलं, 'बाबा, तुला माझ्या कामाची लाज वाटते का?' इंग्रजीत विचारलं, कारण फार लागलं की तिचं मराठी सुटतं. मी 'तसं नाही गं' म्हणालो आणि रेडिओ लावला.

तर रविवारी वाडगा ओट्यावर आपटून मी आज्जींच्या नावाने कुरकुरत होतो. इराने लॅपटॉपमधून मान वर केली, तारीख विचारली आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसली. 'अरे बाबा, मायकलमस होऊन गेला ना!'

मायकलमस म्हणजे सप्टेंबरअखेरचा संत मायकलचा सण. तो झाला की सैतान ब्लॅकबेरीवर थुंकून जातो, म्हणून मग ती खायची नाही, अशी आयर्लंडमधल्या जुन्या लोकांची समजूत. इराला हे त्या पेपरांमध्येच सापडलेलं.

आमच्या नागपूरच्या घरी मृग लागला की आंबा बंद! बाबांनी कितीही छान आंबे आणले तरी आई हात लावू द्यायची नाही. आईच्या बाबतीत जे मला कळत होतं, ते आज्जींच्या बाबतीत मनातही आलं नाही...

आम्ही दोघं पुन्हा गेलो, वाडगा न घेता. इराने दारातच विचारलं, 'आज्जी, सैतान थुंकून गेला का?' आज्जी आधी बघतच राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना दाराला धरून उभं राहावं लागलं. 'हे तुला कुणी सांगितलं?'

मग दोन तास आम्ही तिथेच. इरा एकेक विचारत होती आणि आज्जी बोलत होत्या... पत्र्याचा डबा, जांभळी बोटं, फाटलेले फ्रॉक, त्यावरून खाल्लेला मार. आपण 'पैशाला पासरी' म्हणतो ना, तिथे 'ब्लॅकबेरीइतके' म्हणायचे. आज्जींचे वडील पुढाऱ्यांच्या आश्वासनांना तेच म्हणायचे म्हणे!

बोलता बोलता त्या बुटांवर आल्या. त्यांच्या पायातले पहिले नवे बूट त्यांनी स्वतः तोडलेल्या ब्लॅकबेरी विकून आले होते. इथे मुलांना सांगितलं तर मुलं हसली, आईच्या थापा म्हणाली. मग त्यांनी सांगणंच सोडून दिलं.

इराने सोबत आणलेला लॅपटॉप उघडला. आज्जींच्याच भागातला, त्यांच्या लहानपणीचा पेपर. ब्लॅकबेरी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची जाहिरात आणि खाली बातमी, की मुलं फळं तोडायला गेल्याने शाळा ओस पडल्यात.

आज्जींनी स्क्रीनवर बोट ठेवून ते वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग इराचा हात घट्ट धरून म्हणाल्या, 'म्हणजे मला नीट आठवत होतं.' त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

मी पंचवीस वर्षं डेटाबेस सांभाळतोय. माझे रिपोर्ट वाचून आजवर फक्त मॅनेजर रडलेत. माझ्या पोरीने एका म्हातारीचं अख्खं बालपण खरं करून तिच्या हातात ठेवलं, आणि मी ते दोन वर्षं लपवत होतो! काय म्हणावं मला...

वाडगा अजून फ्रीजमध्ये आहे. आता त्या ब्लॅकबेरी आमच्याही घशाखाली उतरत नाहीत. जूनचा पहिला बहर आज्जींचा, असं ठरलंय.

सुहास, शनिवारी तू विचारलंस त्याचं खरं उत्तर देतो. माझी मुलगी जुन्या आयरिश वर्तमानपत्रांतल्या ब्लॅकबेरींवर पीएचडी करते, आणि फार सुंदर काम करते.

इराला मराठी वाचता येत नाही. म्हणून ही पोस्ट टाकली की वरच्या खोलीत जाऊन तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. गाडीतल्या प्रश्नाचं उत्तरही द्यायचं राहिलंय... हो बाळा, वाटत होती. चुकलं माझं.