वास येतोय का?

भाऊंच्या नाकाला वास येईनासा झाला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय फक्त एका बाईला माहीत होती.

भाऊ एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आचारी होते. तीनशे रुग्णांचं दोन वेळचं जेवण, बत्तीस वर्षं. एकदा तापाने आठवडाभर पडले, बरे होऊन कामावर आले आणि पहिल्याच सकाळी दूध करपलं. पातेलं त्यांच्यापासून दोन हातांवर होतं. भाजी चिरणाऱ्या मावशी पार दुसऱ्या टोकाकडून ओरडत धावत आल्या तेव्हा त्यांना कळलं. मावशींनी पातेलं उतरवलं, भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सोललेली लसणाची पाकळी त्यांच्या नाकाखाली धरली. भाऊंनी नकारार्थी मान हलवली.

"येईल हळूहळू," मावशी म्हणाल्या.

आला नाही. ज्या इमारतीत चाळीस डॉक्टर होते तिथे भाऊंनी एकालाही विचारलं नाही. वास न येणाऱ्या आचाऱ्याला उद्या भांड्यांवर बसवतील, ही भीती. मग ते सगळं वजनावर आणि घड्याळावर करू लागले. काही लागायला आलं की मावशी सुरीने पाटावर दोनदा टकटक करायच्या. रुग्णालयाच्या जेवणाला चव नसतेच, अशी सगळ्यांची आधीपासून खात्री असल्यामुळे कुणाला सुगावा लागला नाही. भाऊ निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊंच्या नाकातून काही सुटत नाही." मावशींनी खाली मान घातली आणि हसू दाबलं.

घरी अडचण नव्हती. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, दोन खोल्यांत विजेची शेगडी, एकट्याचा स्वयंपाक. करपलं तर स्वतःच खायचं.

मग मुलीला मुलगी झाली. मुलगी शाळेत शिकवायची, जावई बसडेपोत वेळापत्रकं लावायचा. आठ महिन्यांच्या बाळाला सांभाळायला घरचं माणूस हवं म्हणून दोघांनी तिसऱ्या मजल्यावरचं मोठं घर घेतलं आणि भाऊंना आपल्याकडे आणलं. भाऊंना आनंद झाला. नवीन घरात भिंतीतून नळीने गॅस येतो, हे त्यांना सामान उतरवल्यावर कळलं. ओट्याच्या वर काळा मीटर आणि त्यातून निघून भिंतीत शिरलेला पिवळा नळ. तो बघून त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं.

पहिल्या दिवशी वीज सुरू झाली. जावई सकाळपासून कचेरीत रांगेत उभा होता, दुपारी मीटरवाला आला. दुसऱ्या दिवशी पाणी. गच्चीवर सगळ्यांचे नळ एकमेकांत गुंतलेले. जावयाने आपला समजून एक चावी फिरवली आणि थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत वर आले. त्यावर सगळे पोट धरून हसले. भाऊही हसले, पण त्यांचं लक्ष ओट्यावरच्या पिवळ्या नळाकडे होतं.

गॅस कंपनीचा माणूस गुरुवारी दहा ते दोनच्या दरम्यान येणार होता. घरात कुणीतरी मोठं माणूस हवं, असं कंपनीने बजावलं होतं. दोघांच्याही रजा संपल्या होत्या.

"बाबा आहेत ना," मुलगी म्हणाली. "एवढे मोठे भटारखाने सांभाळलेत त्यांनी. त्यांच्यासारखं नाक आपल्याकडे कुणाला आहे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. भाऊंनी तोंड उघडलंही. पण मुलगी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेली. बाळाने त्यांची मिशी धरली, आणि भाऊंच्या मनात आलं की हे सांगितलं तर ही उद्यापासून आपल्याकडे बाळ ठेवणार नाही. सहा वर्षांचं खोटं त्यांनी आणखी एकदा गिळलं.

गुरुवारी साडेअकराला कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, नाकावर रुमाल, दारातच तीन शिंका.

"बाळ झोपलंय," भाऊ म्हणाले.

"मग गुपचूप करतो," असं म्हणून तो चौथ्यांदा शिंकला.

त्याने मीटरवरचं सील तोडलं, नळाला एक दाबमापक जोडला. "हा काटा जागचा हलला नाही की नळ ठीक," तो म्हणाला. दोघं काट्याकडे बघत उभे राहिले. इतक्यात त्याचा फोन वाजला. "हो हो, निघालोच," तो फोनवर म्हणाला, काट्याकडे ओझरतं बघितलं आणि मापक काढून घेतला. मग ब्रशने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. कुठे बुडबुडा आला नाही. त्याने मीटरजवळची मुख्य चावी फिरवली.

"माझं नाक गच्च बंद आहे," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. वास येतोय का?"

"नाही येत," भाऊ म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता.

माणसाने शेगडी पेटवली, निळी ज्योत दाखवली, विझवली. मीटरवरचे आकडे कागदावर लिहिले आणि भाऊंची सही घेतली.

"हे शेवटचे तांबडे आकडे कशाला?" भाऊंनी विचारलं. त्यांना त्या माणसाला जाऊ द्यायचं नव्हतं.

"बारीकसारीक वापर मोजायला. शेगडी बंद असली की ते जागचे हलत नाहीत. काळजी करू नका. गळला तर कुजक्या कोबीसारखा वास येतोच की हो, मेलेला माणूस उठून बसेल."

दार लागलं. त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली.

भाऊ ओट्यासमोर उभे राहिले. कुजका कोबी. आयुष्यात शेकडो कोबी त्यांनी फेकले असतील, पण तो वास कसा होता ते त्यांना आठवेना. त्यांनी जोरात श्वास घेतला. हवा थंडगार आत गेली, बस. ती हवा कसली आहे, हे सांगणारं कुणी आत नव्हतं.

त्यांनी वाटीत साबण कालवला आणि सगळे सांधे स्वतः पुन्हा फेसाळले. काही नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बाळाचं दूध गरम करायची वेळ जवळ येत होती. काडेपेटी हातात घेतली, एक काडी काढली आणि परत आत ठेवली. "वेडा आहेस," ते स्वतःला म्हणाले. "एवढा कंपनीचा माणूस बघून गेला." पण कंपनीच्या माणसाचं नाक बंद होतं, आणि तो ज्याच्या भरवशावर गेला त्याचंही. दोन आंधळ्यांनी एकमेकांना रस्ता पार करून दिला होता.

कागद ओट्यावर पडला होता. त्यावर शेवटचे तीन आकडे लिहिले होते, तीनशे अठरा. भाऊंनी चष्मा पुसला आणि मीटरजवळ तोंड नेलं.

तीनशे एकतीस.

शेगडी बंद होती. दोन्ही बटणं त्यांनी हाताने चाचपून पाहिली. त्या माणसाने लिहिताना चूक केली असेल. घाईत होता, फोन आला होता, शिंकत होता. भाऊंनी पेन्सिलीने कागदावर तीनशे एकतीस लिहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रुग्णालयात ते डाळ अशीच शिजवायचे, घड्याळाकडे बघत. एक मिनिट झालं. दोन झाली. शेवटचं तांबडं चाक अगदी सावकाश, डोळ्याला कळेल न कळेल असं वर सरकत होतं. एकाचा माथा गेला, दोनाची मान दिसली. मग दोन पूर्ण समोर आला.

भाऊंनी पेन्सिल खाली ठेवली.

गॅस कुठेतरी जात होता. स्वयंपाकघरात नाही, इथे फेस लावून पाहिला होता. मग कुठे? पिवळा नळ भिंतीत शिरून कुठे जातो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मागची खोली आली. तिच्या पलीकडे काचा लावून बंद केलेली गॅलरी, गॅलरीत आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेलं अवजड कपाट. ऊन येतं म्हणून त्या खोलीतच बाळाचा पाळणा ठेवला होता, आणि दाराचा आवाज नको म्हणून दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं होतं.

मुख्य चावी त्यांनी दोन्ही हातांनी आडवी करून बंद केली. मग मागच्या खोलीकडे जाताना त्यांना स्वतःचं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. दार उघडलं. बाळ निपचित पडलं होतं. भाऊंनी त्याच्यावर वाकून छातीवर हात ठेवला. छाती हलत होती. वर पंखा फिरत होता. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. भटारखान्याच्या भिंतीवर बत्तीस वर्षं एक पाटी होती: गॅसची शंका आली तर कुठलंही बटण दाबू नका. पंखा तसाच फिरू दिला. बाळाला दुपट्यासकट उचललं, गॅलरीच्या दोन काचा सरकवल्या आणि बाहेर पडले.

जिन्यात आल्यावर त्यांना कळलं की आपल्याला अजूनही काही माहीत नाही. चाक हललं, एवढंच. समोरचं दार बंद होतं. घंटीच्या बटणावर नेलेलं बोट मागे घेऊन त्यांनी दार मुठीने बडवलं.

दार एका वयस्क बाईंनी उघडलं. कपाळावर चष्मा, हातात पेन्सिल आणि वर्तमानपत्रातलं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं.

"मी समोरचा, नवीन आलोय," भाऊ म्हणाले. धाप लागली होती. "तुम्ही जरा आमच्या घरात येऊन वास घ्याल का?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काय घेऊ?"

"वास. गॅसचा. मला येत नाही."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे वाक्य उच्चारलं, तेही ज्यांना धड ओळखत नव्हते त्या बाईंपुढे. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. पेन्सिल कानावर खोचली आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. भाऊ बाळाला धरून जिन्यातच उभे राहिले. बाई स्वयंपाकघरात गेल्या, बाहेर आल्या, मागच्या खोलीकडे वळल्या.

"अगं बाई गं!" आतून आवाज आला, आणि त्या नाकाला पदर लावून लगबगीने बाहेर आल्या. "अहो, केवढा घाण वास! त्या कपाटामागून येतोय. काचा उघड्या असून उभं राहवत नाही. तुम्हाला खरंच काही येत नव्हतं?"

भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले. बाळ जागं होऊन रडायला लागलं, आणि त्या रडण्याइतका गोड आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

बाईंनी त्यांना खाली अंगणात नेलं आणि तिथून फोन केले, आधी कंपनीला, मग मुलीला. वीस मिनिटांत दोन माणसं आली. कपाट ओढल्यावर भिंतीतून निघालेली एक जुनी नळी सापडली. आधीच्या भाडेकरूने पाणी तापवायचं यंत्र काढून नेलं होतं आणि नळीचं तोंड चिंधी कोंबून बंद केलं होतं. माणसांनी ते टोपण लावून कायमचं बंद केलं आणि या वेळी काट्यासमोर पंधरा मिनिटं हलले नाहीत.

"तुम्ही आकडे बघितलेत म्हणून," त्यातला एकजण म्हणाला. "कुणी बघत नाही."

तेवढ्यात मुलगी धावत आली. तिने बाळाला घेतलं, सगळीकडून चाचपून पाहिलं. समोरच्या बाई कौतुकाने सांगायला लागल्या, "तुझ्या बाबांना वास येत नसून त्यांनी..." आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या.

"कधीपासून?" मुलीने विचारलं.

"सहा वर्षं."

"सहा वर्षं. आणि मी बाळाला तुमच्याकडे ठेवून जात होते."

"सांगितलं असतं तर तू ठेवलं नसतंस."

"नसतंच ठेवलं!" ती ओरडली. मग रडायला लागली, आणि भाऊंना कळेना की तिच्या पाठीवर हात ठेवायचा हक्क आपल्याला राहिला आहे की नाही. त्यांनी ठेवला नाही.

पुढचे दहा दिवस मुलगी घरी राहिली, बिनपगारी. ती बापाशी वाईट वागली नाही. वेळेवर जेवायला वाढायची, औषधाचं विचारायची, पण बाळ त्यांच्याकडे असलं की स्वतः त्याच खोलीत काहीतरी करत बसायची. जावयाने स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत गॅस ओळखून किंचाळणारी दोन यंत्रं बसवली. एका डॉक्टरने भाऊंचं नाक तपासलं आणि आता काही होणार नाही, हे सहा वर्षं उशिरा सांगितलं. शब्दकोडंवाल्या बाई सकाळी दूध घ्यायला जाताना दारात डोकावून एक श्वास घ्यायच्या आणि "ठीक आहे" म्हणून पुढे जायच्या.

अकराव्या दिवशी मुलगी शाळेत गेली. बाळाला भाऊंच्या हातात देताना तिचे हात जरा वेळ सुटले नाहीत. दाराबाहेर गेली, पाच मिनिटांनी परत आली, छत्री विसरले म्हणाली. बाहेर स्वच्छ ऊन होतं. भाऊंनी छत्री काढून दिली.

ती गेल्यावर त्यांनी मुख्य चावी बंद आहे ना ते पाहिलं. बाळाचं दूध मुलीने थर्मासमध्ये भरून ठेवलं होतं, तेव्हा गॅस लावायची गरजच नव्हती. तरी ते तासातासाने चष्मा पुसून मीटरपाशी जायचे आणि तांबडे आकडे कागदावर लिहायचे. दुपारी मुलगी घरी आली. तिने चपला काढल्या आणि आधी तो कागद वाचला. आठ ओळी, आठही सारख्या. कागद तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"उद्या दूध तुम्हीच गरम करा," ती म्हणाली. "पण मी निघायच्या आधी. माझ्यासमोर."

"बरं," भाऊ म्हणाले. आणि काडेपेटीत काड्या आहेत ना, ते बघायला गेले.