शेवंताकडची जुडी

फिलूबायचा भात शिजला की पहिला डाव डब्यात जायचा. नवऱ्याच्या ताटात नाही, स्वतःच्या नाही, डब्यात. आणि तो डबा जायचा शेवंताकडे. शेवंता वसई रोड स्टेशनबाहेर पुलाखाली पुठ्ठ्यावर राहायची. चाळ पाडली, पोटच्या पोरानं नेलं नाही, म्हणून तिथे.

फिलूबाय माझी उमेळ्यातली शेजारीण. लग्न होऊन आले तेव्हा मासळी साफ करायला हिनं शिकवलं, माझी बाळंतपणं हिनं निभावली. मग सांगा, पहिला डाव कोणाचा? हसू नका, मी आतून जळायचे.

"काल उरलंय ते दे की तिला," मी म्हणायचे.

"उरलेलं आपण खाऊ गं सुमन. आपल्याकडे गरम करायला गॅस आहे."

थंडीत तिच्या वाडीत राजेळी केळी सोलून उन्हात सुकत. मधासारखी गोड सुकेळी, केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली. पहिली जुडी माझी, हे आमच्यात ठरलेलंच. गेल्या थंडीत ती जुडी आलीच नाही. विचारलं तर म्हणते, "शेवंताकडे गेली."

"तिला चहा-बिस्किट दे. सुकेळी कशाला?"

"का? छप्पर गेलं म्हणून जिभेची चव गेली काय?"

मी जी रुसले ती होळीपर्यंत. होळीला मात्र इरेला पेटले. साजूक तुपातल्या पुरणपोळ्या घेऊन मीच पुलाखाली गेले. शेवंतानं डबा घेतला आणि माझ्या पाठीमागे बघत विचारलं, "फिलूबाय नाय आली?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड!

फिलूबायला सांगितलं तर पोट धरून हसली. "बसलीस का तिच्याकडे?"

"कुठे बसू? पुठ्ठ्यावर?"

"मग तू पोळी टाकून आलीस. पाहुणी नाही झालीस."

पावसाआधी फिलूबाय गेली, झोपेतच. चर्चमधून मातीला नेताना शेवंता फाटकाबाहेर उभी होती, आणि तिचं रडणं माझ्यापेक्षा मोठं! तेही मला सोसलं नाही बघा.

दुसऱ्या दिवशी कुकर उघडला आणि पहिला डाव आपसूक डब्यात गेला. पुलाखाली पोचले, डबा पुढे केला, पण परत फिरवेना. बसले त्या पुठ्ठ्यावर. शेवंता सरकली. डबा तसाच ठेवून तिनं उशाचं गाठोडं सोडलं. आत सोपटात बांधलेली जुडी, गाठही न सुटलेली.

"तुजी हाय. फिलूबायनं थंडीतच दिली. म्हणली, माझी सुमन रुसून येईल. उभी राहिली तर देऊ नको. बसली की दे."

एक सुकेळं तिला दिलं, एक मी खाल्लं.

डबा आता मीच नेते. पण खरं सांगू? अजून जळते. भिंतीला भिंत लावून जन्म काढला आम्ही, आणि फिलूबायनं माझी जुडी जपायला दिली ती हिच्याकडे. आणि हिनं ती उशाशी घेऊन इतके दिवस काढले, चाखलीसुद्धा नाही. अशा बाईवर नाही जळायचं तर कोणावर?