पाळीवरची चूल

फौजदार गावात शिरला की त्याला न ओळखणारा माणूस आधी उठून उभा राहायचा. खाकी कोट, कोळशानं रंगवलेल्या मिशा, हातात वेताची छडी. होता बहुरूपी, पण आम्ही त्याला फौजदारच म्हणायचो. दरवर्षी धान चुरून झाले, मळणी उरकली की चिचगडच्या रस्त्यानं यायचा आणि पहिला माझ्याच दारात थांबायचा. "मालक, तुमच्यावर वारंट आहे. चहा पाजाल तं फाडून टाकतो."

त्याचं पाल आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर पडायचं. ही बोडी माझ्या आजानं बांधली. तिचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी जाईल, ते अजून मीच सांगतो. फौजदारानं पहिल्या वर्षी पाळीचेच तीन दगड काढून चूल मांडली आणि दरवर्षी जाताना ती तशीच ठेवायचा. म्हणायचा, "चूल आहे तवर आमी येनार."

तीन वर्षांमागं त्याचा गुडघा गेला. दारात आला, पण वारंट काढलं नाही. "मालक, आता चालनं होत नाही. पाळीखाली एक झोपडी टाकू द्या. म्हातारी अन् मी, दोघंच."

मी म्हणालो, "आज तुले जागा देली, उद्या दहा येतीन."

त्याच संध्याकाळी नव्या गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर जपानी सिनेमा दाखवला. जुना, काळा-पांढरा, गावोगावून हाकललेल्या भटक्यांचा. बोली कोणाला समजेना, लोक उठू लागले. तेव्हा फौजदार छडी टेकत भिंतीजवळ गेला आणि सांगू लागला, "हे आता पाल सोडून राहिले. ते बाई पाहा, विस्तव मडक्यात घेऊन राहिली. पान्यापावसात दुसरा भेटत नाही." लोक परत बसले.

गुरुजी म्हणाले, "बाबा, तुम्हाला जपानी येते?"

"नाही जी. उठून जानं येते."

पुढं सिनेमातला गावपाटील त्या लोकांना हातानं वाट दाखवतो. मागून कोणी ओरडलं, "हाना त्याले!"

फौजदार म्हणाला, "कायले? त्याचं गाव आहे. तो भिऊन राहिला." माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. मी पुढच्या खुर्चीवर होतो. बसूनच राहिलो.

सकाळी पाळीवर गेलो. जागा घे म्हणायला गेलो होतो. हे घरी कोणाला सांगितलं नाही. पाल नव्हतं. राख पाणी टाकून विझवलेली. चुलीचे तिन्ही दगड जिथून काढले होते तिथंच, पाळीत पक्के बसवलेले.

तेव्हापासून धान चुरून झाले की, पावसाआधी मुलानं पाळीत परत बसवलेले ते तीन दगड मीच काढतो आणि चूल मांडतो. मुलगा ओरडतो, "बाबा, काऊन काढून राहिले? पाळ खचन ना!"

"खचली तं मी बांधीन," म्हणतो. "चुलीले हात लावू नको."