गुडघा प्रणालीचा, सल्ले सगळ्यांचे

कॉलेजात मुलींची बास्केटबॉल टीम सांभाळणाऱ्या बाईच्या कपाटात काय असतं? हवा गेलेले बॉल, सुई नसलेला पंप आणि कोपऱ्यात एखाद-दुसरा कप. बाकी सगळी जागा किस्से घेतात. ते मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पोरींना रोज सकाळी ग्राउंडवर आणलं की त्यांच्यामागून किस्सेही हजर होतात.

मी सांगते तेव्हा मैत्रिणी पोट धरून हसतात. वर म्हणतात, "किती गं मजा असते तुमच्याकडे!" मजा! मला तर सांगतानासुद्धा डोक्यात सणक जाते. यंदाचा अख्खा सीझन माझा दातओठ खाण्यात गेला.

आमचं कॉलेज अमरावतीचं, पण बडनेऱ्याच्या बाजूला. टीम तशी तिघींच्या जिवावर चालते. सना बॉल पुढे आणते, वैष्णवी लांबून टाकते, आणि प्रणाली बोर्डाखाली उभी असते. प्रणाली चांगली उंच, बडनेऱ्याची, वडील रेल्वेत. दरवर्षी आमची शेवटची गाठ अकोल्याच्या टीमशी पडते आणि दरवर्षी आम्ही हरून परत येतो. यंदा प्रणालीचं शेवटचं वर्ष. "मॅडम, जाताजाता एकदा तं अकोलेवाल्यायले हरवूनच जाईन," असं तिने मला बजावून ठेवलं होतं. एवढीच तिची इच्छा होती. त्या एवढ्याशा इच्छेच्या आडवं कोणकोण आलं, ते ऐका.

*

आधी हे ऐका, की तिचा गुडघा गेला कसा.

कॉलेजचं गॅदरिंग होतं. एवढं मोठं आवार सोडून मांडव घातला आमच्या कोर्टवर! का, तर तिथे जागा सपाट आहे. मी मांडववाल्याला हात जोडून सांगितलं की बाबा रे, बांबू रोवायला सिमेंट फोडू नकोस. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम, जसंच्या तसं करून देतो."

गॅदरिंग झालं, नाच झाले, बक्षिसं वाटून झाली. मांडव गेला आणि खड्डे राहिले. पठ्ठ्याने वरून माती लोटून दिली होती, त्यामुळे बघणाऱ्याला कोर्ट एकदम चकाचक दिसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली उंच उडून बॉल घेऊन खाली आली, ती नेमकी त्या मातीत. गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन करावं लागलं.

मी तणतणत प्रिन्सिपॉलसरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, खड्डा काही पळून आलेला नाही. तो तिथंच होता. पाहून खेळता येत नाही का पोरींना?"

मी म्हणाले, "सर, बॉल वर असतो!"

"मग अधूनमधून खाली पाहायचं!"

तो चहा मी घेतला नाही. माझा निषेध तेवढाच झाला.

*

ऑपरेशननंतर मी तिला भेटायला घरी गेले, तर खाटेभोवती नातेवाइकांचा गराडा. त्यात बार्शीटाकळीच्या आत्याबाई, म्हणजे प्रणालीच्या वडिलांच्या मोठ्या बहीण. या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी सोबत तेलाची बाटली आणली होती, आणि गावाकडचा एक हाडं बसवणारा माणूसही ठरवून ठेवला होता.

"काहून कापाकापी केली वं पोरीची? वाटी सरकली असन. आमच्याकडचा थो बुढा एका झटक्यात वाटी बसवते."

मी समजावलं, "आत्याबाई, वाटी नाही सरकलेली. आतलं लिगामेंट तुटलं होतं. आता ते डॉक्टरांनी जोडलंय. त्याला कोणीही हात लावायचा नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"थो काय डॉक्टरावानी एकच काम जानते काय, बाई? वाटी असो नाही तं सैपाकाचा गंज, थो सारं बसवते!"

सगळे हसले. प्रणालीही हसली, आणि हसताना तिचा पाय हलला म्हणून कळवळली. मी निघताना तिच्या आईच्या कानात सांगितलं, "त्या माणसाला दारातही उभं करू नका." ती माउली म्हणाली, "मॅडम, त्याले थांबवीन. पन ननंदबाईले कशी थांबवू?"

*

त्याच सुमाराला आमच्या मुलांच्या टीममधल्या एका हिरोचा पाय मुरगळला. नुसता मुरगळला! दुसऱ्या दिवशी चौकात हा मोठा फ्लेक्स. मधे हिरोचा गॉगल घातलेला फोटो, खाली शुभेच्छुकांची ओळीने तोंडं, आणि वर लिहिलेलं: 'भाऊ, लवकर मैदानात या!' कॉलेजातली माणसं त्याला बघायला फळं घेऊन गेली. प्रिन्सिपॉलसर स्वतः गेले.

आमच्या पोरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर तिच्यासाठी कोणी केळंही नेलं नाही. मी स्टाफरूममध्ये आवाज चढवून तसं बोलले. तेव्हा मुलांचे कोच सर म्हणाले, "मॅडम, तुलना नका करू. खेळाडूला खेळताना लागणं वेगळं."

"बरोबर," मी म्हणाले, "पण तुमचा कुठे खेळताना पडला?"

सर कपाळाला हात लावून बसले. मग हळूच म्हणाले, "वरातीत. डीजेच्या गाडीवरून."

*

वैष्णवीची तऱ्हा वेगळी. ती मूळची अकोल्याची, आमच्याकडे होस्टेलवर राहते. तिचा खांदा दुखावला. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस खेळ बंद, पूर्ण आराम." होस्टेलवर आराम कसला मिळणार, म्हणून मीच तिला घरी पाठवलं. म्हटलं, आईच्या हातचं खाईल, निवांत झोपेल, बरी होऊन येईल.

परत आली तेव्हा हात वर होईना! गेली होती त्याहून खांदा वाईट. मी तिच्या आईला फोन लावला.

"काकू, तिला आरामाला पाठवलं होतं ना?"

"आरामच करून राहिली होती, मॅडम. बॉलाले हातसुद्दा लावू देला नाही म्या तिले!"

"मग खांदा कसा सुजला?"

"आता थे तं मले काय मालूम. नळाचा दिवस होता, पानी तं भराच लागते. मंग धुनं. पन खेळू म्हनान तं बिलकुल नाही!"

मी फोन ठेवला. समोर बसलेली वैष्णवी म्हणाली, "मॅडम, मले आता इथंच राहू द्या. इथं खेळलं तरी खांद्याले आराम भेटते." पोरगी मस्करीत बोलली, पण मला रडूच आलं. वैष्णवीचा लहान भाऊ घरी काय करत होता, हे विचारायचं मी टाळलं. उत्तर मला माहीत होतं.

*

आता सनाचा पराक्रम.

प्रणालीने महिनोन्‌महिने व्यायाम केले. रोज घरी, रोज ग्राउंडच्या कडेला, तोंडातून हूं की चूं नाही. शेवटी एकदा डॉक्टरांनी पाय सगळ्या बाजूंनी वाकवून, पळवून, उड्या मारायला लावून पाहिलं आणि म्हणाले, "फिट! खेळू शकते." सना तिच्यासोबत गेली होती. आनंदाच्या भरात तिने तिथल्या तिथे प्रणालीच्या आईला फोन लावला आणि ओरडली, "काकू! प्रणालीले डॉक्टरनं फिट सांगतली!"

आणि फोन कट. बॅटरी संपली!

आपल्याकडे 'फिट' कशाला म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. इकडे या दोघी नाचत ग्राउंडवर आल्या, तिकडे काकूंनी हंबरडा फोडला. थोड्या वेळाने एक ऑटो कोर्टच्या कडेला थांबला. त्यातून काकू उतरल्या हातात कांदा घेऊन, आणि शेजारीण उतरली हातात चप्पल घेऊन. प्रणाली तेव्हा बास्केटखाली उड्या मारत होती. काकू किंचाळल्या, "धरा वं तिले! तडफडून राहिली!"

आम्ही खूप हसलो. काकूही हसल्या. पण तोवर त्यांनी वाटेतून दोन-चार ठिकाणी फोन केलेले होते, आणि त्यातला एक बार्शीटाकळीला होता. आत्याबाईंना नंतर कितीही सांगितलं की पोरगी ठणठणीत आहे, तरी त्यांचं एकच. "बात पसरली हाय. आधी गुडघा, आता फिटा. अजून काही निघायच्या आंधी पोरीचं उरकून टाका."

आणि त्यांनी खरंच स्थळ आणलं! मी तिच्या वडिलांना भेटायला गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. ते वाईट माणूस नाहीत. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. म्हणाले, "मॅडम, तुमचा खेळ घंटाभराचा. पाय तिले जनमभर लागते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तो पाय तिचा होता, आणि तिला कोणीच काही विचारत नव्हतं. याचा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

*

अकोल्याच्या मॅचच्या आदल्या आठवड्यात प्रिन्सिपॉलसरांनी मला बोलावलं. "यंदा आपले चान्सेस कसे काय?"

मी खरं ते सांगितलं. वैष्णवीचा खांदा अर्धाच बरा आहे. प्रणालीला डॉक्टरांनी थोडा-थोडा वेळ खेळायची परवानगी दिली आहे, पण घरचे पाठवतील की नाही ते माहीत नाही. आली तरी तिला सलग पळवता येणार नाही.

सर म्हणाले, "पळायचं कशाला? उंच आहे ना ती! नुसती उभी करा बास्केटखाली."

"सर, तिथे खांब आहे आधीच."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "पण तो आपला थोडाच आहे?"

*

आणि आता त्या रविवारचं.

मॅच रविवारी, आणि पाव्हणेही रविवारीच! मी प्रणालीच्या वडिलांना फोनवर विनवलं, "संध्याकाळी बोलवा ना त्यांना." ते म्हणाले, "थे लोक सकाळच्या गाडीनं येऊन राहिले, मॅडम. ताईनं ठरवलं. मी काय करू?" मग प्रणालीचा फोन बंद झाला.

सकाळी कॉलेजची बस तयार उभी. पोरी बसल्या, सगळ्यांच्या नजरा फाटकाकडे. निरोप द्यायला आलेले सर घड्याळ दाखवून म्हणाले, "निघा आता. एक पोरगी नाही आली तर बास्केटबॉल काय बंद पडतो?" ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तर सनाची पाण्याची बाटली स्पोर्ट्स रूममध्ये राहिली. ती आणली, तर मोजे राहिले. मोजे आणले, तर तिला बाथरूमला जायचं होतं. ड्रायव्हर वैतागला. सर माझ्यावर ओरडले. मी सनावर ओरडल्यासारखं केलं.

शेवटी माझाही धीर सुटला. "चला," म्हणाले आणि पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात बसमधून वैष्णवी ओरडली, "मॅडम, थे पाहा!"

फाटकातून प्रणाली येत होती. अंगावर मोरपंखी साडी, केसांत गजरा, हातात हिरव्या बांगड्या आणि पायात खेळायचे बूट! घरापासून चालत आलेली, घामाने ओली. चाल एकदम सरळ, कुठे लचक नाही. आणि तिच्यामागून, तिच्याच वेगाने, स्कूटरवर तिचे वडील.

वाटलं, हे तिला परत न्यायला आले. मी मधे जाऊन उभी राहिले. म्हटलं, होऊ दे आज काय व्हायचं ते. "काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी स्कूटर बंद केली. पुढ्यातली तिची किटबॅग उचलून माझ्या हातात दिली.

"पाव्हण्यायच्या बुढीनं इचारलं, ऑपरेशन झालं म्हन्तात, पोरगी लंगडते काय? मंग म्हने, जरा चालून दाखव."

"मग?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. प्रणाली साडीचा पदर कमरेला खोचत म्हणाली, "मंग काय मॅडम! चालून दाखवलं. थांब असं कोनी म्हटलंच नाही!"